गणपतीचे हात कुठे गेले?

शनिवारी सकाळी मामाचा फोन आला. मामाचा फोन म्हणजे एक तर आंब्याची पेटी पाठवलीय, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरलंय. या वेळी दोन्ही नव्हतं.

"काय रे झिला, गणपतीचे हात खंय गेले?"

मी अर्धवट झोपेत. क्षणभर वाटलं, मूर्तीलाच काही झालं की काय! ताडकन उठून बसलो. मग कळलं, मूर्ती जागच्या जागी आहे. हात गेलेत ते वेबसाइटवरून. आणि ते नेणारा चोर म्हणजे दस्तुरखुद्द मी.

तर आधी थोडी पार्श्वभूमी. मामा रेडीला असतो. वेंगुर्ला तालुक्यातलं, गोव्याच्या सीमेला टेकलेलं गाव. घराच्या मागच्या तीन खोल्या दुरुस्त करून त्याने होमस्टे सुरू केला. मामी जेवण करते, मामा लोकांना गाव दाखवतो. "तू एवढा कॉम्प्युटरवालो, आमका एक वेबसाइट करून दी" असा हुकूम आला आणि मी दोन वीकेंडमध्ये ती करून दिली. फोटो मामानेच मोबाइलवर काढून पाठवले होते. पहिल्या पानावर सगळ्यात वर, मोठ्ठा, गावचा गणपती.

रेडीचा गणपती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७६ साली इथल्या लोहखनिजाच्या खाणीच्या परिसरात ही मूर्ती सापडली. एका ट्रक ड्रायव्हरला स्वप्नात दृष्टांत झाला, तिथे खणलं आणि मूर्ती मिळाली, अशी गोष्ट सांगतात. नंतर जवळच उंदीरही सापडला म्हणे. मूर्ती बसलेली, चांगली भव्य, आणि तिला हात दोनच. एक आशीर्वादाचा, दुसऱ्यात मोदक. आपल्याला चार हातांच्या गणपतीची इतकी सवय असते की इथे पहिल्यांदा आलेला माणूस आधी हातच मोजतो. 'द्विभुज गणपती' हीच त्याची ओळख, आणि ते बघायला लोक लांबून येतात.

आणि माझ्या वेबसाइटवर, मोबाइलमध्ये, त्या द्विभुज गणपतीला एकही हात नव्हता :)

झालं काय होतं ते सांगतो. इथे थोडं तांत्रिक आहे, पण कंटाळू नका, गणित पाचवीतलं आहे.

मामाचा फोन आडवा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा काढतो, म्हणजे ४:३. लॅपटॉपवर वेबसाइटचा वरचा पट्टा असतो रुंद आणि बुटका, माझ्या डिझाइनमध्ये २१:९. मोबाइलवर मी तोच फोटो पूर्ण स्क्रीनभर ठेवला होता, म्हणजे उभा, साधारण ९:१६. एकच फोटो, दोन चौकटी, आणि दोन्ही त्याच्या मापाच्या नाहीत. अशा वेळी आम्ही लोक सीएसएसमध्ये एक ओळ लिहितो: ऑब्जेक्ट-फिट, कव्हर. अर्थ असा की चौकट पूर्ण भरा, फोटो चेपू नका, जे बाहेर जाईल ते कापा. कुठून कापायचं हे नाही सांगितलं तर ब्राउझर मध्य धरतो. पन्नास टक्के, पन्नास टक्के.

आता हिशोब. ३००० उंचीच्या फोटोतून ९:१६ चा उभा तुकडा काढला तर रुंदी उरते १६८७ पिक्सेल. चार हजारांतले सोळाशे सत्त्याऐंशी. म्हणजे जेमतेम ४२ टक्के. बाकीचे ५८ टक्के डावी-उजवीकडून उडाले. मामाने फोटो अगदी जवळून, मूर्तीने आडवी चौकट भरून टाकेल असा काढला होता. मधल्या ४२ टक्क्यांत सोंड आली, पोट आलं. आशीर्वादाचा हात एका बाजूला गेला, मोदकाचा दुसऱ्या. लॅपटॉपवर उलटा प्रकार. तिथे उंचीतले ५७ टक्केच उरले, हात दिसत होते पण मुकुट गेला आणि पाय गेले.

बरं, हे मला का दिसलं नाही? कारण मी तपासलं होतं! दोन्ही स्क्रीनवर उघडून बघितलं होतं. चौकट भरलेली, कुठे पांढरी पट्टी नाही, काही चेपलेलं नाही, पान पटकन उघडतंय. माझ्या दृष्टीने फोटो 'बसला' होता. मी फोटोची चौकट बघत होतो, फोटो बघतच नव्हतो. मामाने पहिल्या सेकंदाला गणपती बघितला.

या आठवड्याचा माझा मुद्दा एवढाच आहे. फोटो कापणं हे आपण लेआउटचं काम समजतो. ते संपादनाचं काम आहे. बातमीतलं कुठलं वाक्य काढायचं हे जसं छापखान्याचं मशीन ठरवत नाही, तसं फोटोतला कुठला भाग काढायचा हे स्क्रीनच्या मापाने ठरवू नये. पण आपण नेमकं तेच करतो, दिवसाला शंभर वेळा, आणि त्याला डिफॉल्ट म्हणतो.

आमच्या धंद्याची गोष्ट बघा. ईथन मार्कोटने मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला. एकच पान, पण स्क्रीनप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारं, ही त्यातली मूळ कल्पना. त्यात फोटोंसाठीचा उपाय साधा होता: फोटोची रुंदी चौकटीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. म्हणजे फोटो लहान होई, पण पूर्ण दिसे. कापाकापी नाही. कापाकापीची हौस नंतर वाढली, जेव्हा प्रत्येक वेबसाइटला वर एक स्क्रीनभर फोटो हवाच असं होऊन बसलं. ऑब्जेक्ट-फिट हाताशी आलं आणि आम्ही सुटलो. वर्डप्रेस तर त्याच्याही आधीपासून १५० बाय १५० चा चौकोनी लघुफोटो मध्य धरून कापत आलंय. किती आज्या आणि किती काका त्या चौकोनाबाहेर गेले असतील, देव जाणे. ग्रुप फोटोत कडेला उभे राहणारे लोक नेहमी तेच असतात, नाही का? ज्यांना कुणी मध्ये बोलावत नाही ते.

"मग मशीनला हुशार करा ना" असं माझा एक टीममेट म्हणाला. फोटोत महत्त्वाचं काय ते ओळखून आपोआप कापणारी टूल्स आहेतच. मीही आधी तेच केलं. एका टूलला मामाचा फोटो दिला. त्याने अत्यंत आत्मविश्वासाने कोपऱ्यातली समई निवडली. त्याची चूक म्हणता येणार नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात सगळ्यात उजळ तीच होती. महत्त्वाचं आणि उजळ यातला फरक त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

हा प्रकार मोठ्या लोकांच्याही अंगाशी आलाय. ट्विटरने २०१८ पासून फोटो आपोआप कापणारी पद्धत वापरली. माणसाची नजर फोटोत आधी कुठे जाईल याचा अंदाज बांधून ती तिथे कापत असे. सप्टेंबर २०२० मध्ये लोकांनी गोरा आणि काळा माणूस एकाच लांबलचक फोटोत ठेवून प्रयोग सुरू केले, आणि पुन्हा पुन्हा गोरा चेहराच दिसतोय अशी ओरड झाली. कंपनीने स्वतः तपासणी करून मे २०२१ मध्ये निष्कर्ष छापले: स्त्री-पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांकडे ८ टक्के झुकाव, गोऱ्या-काळ्यांच्या तुलनेत गोऱ्यांकडे ४ टक्के. आकडे प्रचंड नाहीत. पण मला त्यांचा पुढचा निर्णय महत्त्वाचा वाटतो. त्यांनी 'अजून चांगलं मशीन आणतो' असं न म्हणता नेहमीच्या मापांचे फोटो मोबाइलवर पूर्ण दाखवायला सुरुवात केली, आणि कसं कापावं हा निर्णय माणसांनी घेणंच बरं, असं मान्य केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे कळायला तीन वर्षं लागली ते मामाला फोनवर कळलं होतं.

आता समोरची बाजूही मांडतो, नाहीतर मी फारच शहाणा ठरेन. प्रत्येक फोटो हाताने कापायला कुणाकडे वेळ आहे? दुकानाच्या साइटवर वीस हजार वस्तू असतात. बातम्यांच्या साइटवर दर पाच मिनिटांनी फोटो येतो. हे अगदी खरं आहे. आणि मध्य धरून कापणं बहुतेक वेळा चालूनही जातं. मामीच्या बांगड्याच्या थाळीचा फोटो मी कसाही कापला तरी थाळी ती थाळीच. गोल आहे, मध्ये आहे, सोलकढीची वाटी अर्धी गेली तर कुणी रडत नाही. माझं म्हणणं एवढंच की कुठला फोटो थाळीसारखा आहे आणि कुठला गणपतीसारखा, हे आधी कुणीतरी ठरवलं पाहिजे. ते ठरवणारा डेव्हलपर नसावा. ज्याला फोटोतलं माणूस, देव, गाव माहीत आहे तो असावा.

मग मी केलं काय? मामाला फोनवर विचारलं, "या फोटोत काय गेलं तर तुला चालणार नाही?" त्याने क्षणाचा विलंब न लावता उत्तर दिलं. दोन्ही हात, सोंड आणि मोदक. बाकी काय व्हता ता होवंदे. मला वाटतं जगातल्या प्रत्येक फोटो अपलोड करायच्या फॉर्ममध्ये हा एक प्रश्न असायला हवा. 'यातलं काय कापलं तर चालणार नाही?' फोटोवर एक टिंब ठेवायची सोय केली तरी पुरे. ते टिंब ऑब्जेक्ट-पोझिशनला दिलं की ब्राउझर मध्याऐवजी तिथून मोजतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आम्ही ते करत नाही कारण ते कुणी मागत नाही, आणि कुणी मागत नाही कारण असं मागता येतं हेच माहीत नसतं.

गणपतीसाठी टिंबाने भागलं नाही. दोन हातांमधलं अंतरच उभ्या चौकटीपेक्षा जास्त होतं, टिंब कुठेही ठेवा, एक हात जाणारच. तिथे दोन वेगळे फोटो लागतात. त्यासाठी एचटीएमएलमध्ये पिक्चर नावाचा टॅग आहे. २०१४ पासून ब्राउझरमध्ये यायला लागला. रुंद स्क्रीनला हा फोटो दे, अरुंद स्क्रीनला तो दे, असं त्यात लिहिता येतं. मामा पुन्हा देवळात गेला, चार पावलं मागे सरकला आणि उभा फोटो काढून आणला. चार पावलं मागे! माझ्या सगळ्या सीएसएसपेक्षा ती चार पावलं जास्त कामाची ठरली. म्हणून फोटो काढणाऱ्यांना माझा सल्ला: आजूबाजूला जागा सोडा. काढताना फोटो थोडा रिकामा वाटेल, पण ती रिकामी जागाच नंतर कात्रीला खायला घालता येते. आणि माणसांचे फोटो असतील तर कोपर, मनगट, गुडघा अशा सांध्यांवर कात्री येऊ देऊ नका, माणूस तुटल्यासारखा दिसतो.

आणखी एक फायदा झाला. नुसत्या सीएसएसने कापलं की ब्राउझर आख्खा फोटो उतरवून घेतो आणि मग कडा लपवतो. म्हणजे लोक ५८ टक्के न दिसणाऱ्या फोटोसाठी डेटा जाळत होते. वेगळी, लहान फाइल दिल्यावर ते थांबलं. गावात रेंजचा पत्ता नसतो तिथे याला किंमत आहे.

इथे लेख संपायला हवा होता. पण खरी गंमत पुढेच आहे.

हात परत आल्यावर मामा खूश. मग मी उत्साहात बाकीचे फोटोही तपासायला घेतले. त्यात एक समुद्राचा होता. यशवंतगडाच्या बाजूने काढलेला, आडवा, छान. उजवीकडे पांढरी वाळू आणि माड, मध्ये निळं पाणी, आणि डाव्या कोपऱ्यात लांबवर बंदराचा धक्का आणि लाल मातीचे ढीग. लॅपटॉपवर ते ढीग दिसत होते. मोबाइलवर मध्य धरून कापल्यामुळे ते गेले होते. उरला होता फक्त निळा-पांढरा स्वर्ग.

मी मामाला म्हटलं, हाही दुरुस्त करतो. तर मामा म्हणाला, "नको, तो तसोच ऱ्हवांदे. चांगलो दिसता."

आता काय बोलणार? गणपतीच्या वेळी कापलं म्हणून ओरडणारा हाच माणूस! मी जरा चिडून म्हटलं, मामा, लोक मोबाइलवर बघून बुकिंग करणार आणि इथे येऊन त्यांना ढीग दिसणार. मामा म्हणाला, सगळेच तसं करतात. ते तर खरंच. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून या किनाऱ्याचे जेवढे फोटो लावले गेले त्यात खाण किती वेळा दिसली असेल? मालवणचा किल्ला दिसतो, तारकर्लीचं पाणी दिसतं, माड तर दिसतातच. रेडीची लाल माती चौकटीच्या बाहेर राहते. त्यांनी तर ती जाणूनबुजून बाहेर ठेवली, माझ्याकडून न कळत राहिली. पण बघणाऱ्याला काय फरक पडतो?

पंधरा दिवसांनी एक कुटुंब आलं. पुण्याचं. त्यांनी जाताना मामाला सांगितलं, जेवण उत्तम, खोली स्वच्छ, पण फोटोत हे लाल काही नव्हतं. भांडले नाहीत. फक्त सांगितलं. मामाला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

रात्री त्याचा पुन्हा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, आजोबा खाणीवर होते. हे घर त्या पगारातून उभं राहिलं. आज ज्या खोल्या लोकांना देतो त्यांच्या भिंतीसुद्धा. "आणि गणपती तरी खंय मेळलो?" असं तोच मला विचारू लागला. खाणीतच ना!

मी गप्प. कारण हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मूर्ती सापडल्याची गोष्ट मी वेबसाइटवर स्वतः टाइप केली होती, १९७६ च्या सालासकट, 'खाणीच्या परिसरात' या शब्दांसकट. आणि त्याच पानावर, दोन फोटो खाली, खाण कापून टाकली होती. मजकूर एक सांगतोय, फोटो दुसरं. लॅपटॉपवाल्याला एक गाव दिसतंय, मोबाइलवाल्याला दुसरं. पान तेच.

खाणीने गावाचं भलं केलं की वाटोळं, यावर रेडीत दोन्ही बाजूंनी तासन्‌तास बोलणारे लोक आहेत, आणि पुण्यात बसून त्यावर निकाल देणारा मी कोण? पण तो वाद ज्यांना घालायचाय त्यांना निदान खाण दिसली तर पाहिजे. कापून टाकलेल्या गोष्टीवर कुणी वाद घालत नाही.

म्हणून आता मी माझ्यापुरते दोन नियम केलेत. पहिला, फोटोची ओळख ज्यामुळे होते ते कुठल्याही स्क्रीनवर कापलं जाता कामा नये. दुसरा, एका स्क्रीनवर दिसणारी अडचणीची गोष्ट दुसऱ्या स्क्रीनवर गायब होता कामा नये. कापायचीच असेल तर सगळीकडे कापा आणि तो निर्णय आपला आहे हे मान्य करा. ब्राउझरवर ढकलू नका. 'ते आपोआप झालं' हे वाक्य ऑफिसमध्ये मी स्वतः शेकडो वेळा वापरलंय. आता वापरताना जरा जीभ अडखळते.

आणि हे दोन्ही जमत नसेल तर तिसरा मार्ग आहेच, जो आम्ही डिझाइनच्या हट्टापायी विसरलो: कापूच नका. फोटो पूर्ण दाखवा, वर-खाली पट्टी राहिली तर राहू द्या. आपल्या घरी देव्हाऱ्यातल्या तसबिरीभोवती जागा उरते म्हणून आपण तसबीर कापतो का?

समुद्राचा फोटो आता मोबाइलवरही पूर्ण दिसतो. आडवाच, थोडा लहान, डाव्या कोपऱ्यातल्या लाल ढिगांसकट. खाली मामाने सांगितलेली एक ओळ टाकलीय: 'लांबवर दिसतात ते रेडी बंदर आणि खाणीची लाल माती. आमचा गणपती तिथलाच.' बुकिंग कमी झालं का? तीन खोल्यांच्या होमस्टेवरून काही सिद्ध होत नाही, त्यामुळे मी दावा करत नाही. पण परवा एका पाहुण्यांनी मामाला सांगून खाणीच्या बाजूला फेरी मारली म्हणे, आणि मामाने त्यांना आजोबांच्या गोष्टी ऐकवल्या. मामीचं जेवण थंड झालं म्हणून ती वैतागली, तो भाग वेगळा.

असो. तुमच्यापैकी जे कोणी वेबसाइट बनवतात त्यांनी आज एक करा. आपली साइट मोबाइलवर उघडा आणि चौकट न बघता फोटो बघा. कुणाचे हात गेलेत का ते तपासा. सापडतील :)